ज्वारी कशावर दळली?

फेब्रुवारी २०२५. माझी छोटी ग्लूटेन फ्री बेकरी. दुपारी अडीच-तीनची वेळ, ओव्हनमध्ये नानकटाईचा दुसरा ट्रे, आणि हडपसरच्या एका आईचा फोन आला. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, सिलिॲक, म्हणजे गहू अजिबात न चालणाऱ्या आजाराचा, निदान होऊन दीड वर्ष झालेलं. दर आठवड्याला माझ्याकडून अर्धा किलो ज्वारीची नानकटाई आणि एक ४०० ग्रॅमचा ब्रेड न्यायची. भांडायला फोन नव्हताच केला तिने, उलट फारच जपून बोलत होती. "ताई, राग नका मानू, पण याच्या रक्तातला टीटीजीचा आकडा छान उतरत होता तो परत चढलाय, डॉक्टर म्हणतात कुठून तरी गहू जातोय पोटात, आम्ही एकेक गोष्ट बंद करून बघतोय, तर तुमचंही महिनाभर बंद करू का?"

खरं सांगते, माझा पहिला विचार काय होता तर हिच्या घरातच काहीतरी होत असणार. आजी लाडाने बिस्किट देत असेल, शाळेत डबा शेअर होत असेल, असलं. कारण माझ्याकडे गहू येतच नाही. मैदा नाही, रवा नाही, ओट्ससुद्धा नाहीत. शिवाय भिंतीवर लॅबचा रिपोर्ट होता, लॅमिनेट करून लावलेला, ज्वारीची नानकटाई, ग्लूटेन ५ पीपीएमपेक्षा कमी, म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. आता कोणी रिपोर्ट असा देवाच्या फोटोसारखा लावलेला दिसला की मला हसू येतं, पण तेव्हा माझा सगळा धंदा त्या कागदावर उभा होता.

जागा पुण्यात धायरीत, तळमजल्यावरची एक खोली, दहा बाय बारा. एक ओव्हन, एक प्लॅनेटरी मिक्सर, एक फ्रीज, मी आणि एक मावशी. २०२४ च्या सुरुवातीला चालू केलं, वर्षभरात साठेक नेहमीची गिऱ्हाईकं झाली. त्यातली अकरा घरं खरी सिलिॲकवाली, बाकीचे वजन कमी करणारे, जिमवाले, "मैदा सोडलाय" वाले. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सिलिॲक म्हणजे ॲलर्जी नाही, हे मला पण आधी नीट माहीत नव्हतं. गहू, जव, राय यातलं ग्लूटेन, म्हणजे त्यातलं चिकट प्रथिन, पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच यंत्रणा लहान आतड्यावर उलटते, आतड्याच्या आतली केसांसारखी लव झिजून सपाट होते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलांची उंची थांबते, रक्त कमी होतं, पोट फुगतं. काहींना तर वरून काहीच दिसत नाही आणि आत नुकसान चालू असतं. औषध नाही, ग्लूटेन आयुष्यभर बंद हाच उपाय. टीटीजी ही रक्ताची टेस्ट, पथ्य पाळलं की महिन्यामहिन्याने आकडा उतरत जातो, परत चढला तर बहुतेक वेळा पथ्यात भोक पडलेलं असतं. म्हणजे त्या आईचं आणि डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं, फक्त भोक कुठे ते शोधायचं होतं.

रात्री झोप लागेना म्हणून हिशोब करायला बसले. आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचा, नियम असा की ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. २० पीपीएम म्हणतात तेच. हे मी शंभर वेळा गिऱ्हाईकांना सांगितलेलं, पण २० मिलिग्रॅम म्हणजे डोळ्याला किती हे कधी बघितलंच नव्हतं. गव्हाच्या पिठात साधारण ८ ते १० टक्के ग्लूटेन असतं. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा संपली. पाव ग्रॅम म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत येते तेवढी पण नाही. वजनकाट्यावर ठेवून बघितलं, काटा हललाच नाही, माझा काटा ग्रॅमचा.

आणि मग डोक्यात आलं की माझी ज्वारी दळली जाते गिरणीत.

आता वाचणारे म्हणतील की बाई एवढं साधं कसं सुचलं नाही. सुचलं होतं हो. सुरुवातीलाच गिरणीवाल्या काकांना सांगितलं होतं की माझ्या दळणात गहू नको, ते म्हणाले ताई तुम्ही काळजीच करू नका, आणि मी केली नाही. शिवाय रिपोर्ट आला ५ पीपीएमपेक्षा कमी. मी मंगळवेढ्याकडची मालदांडी मार्केट यार्डातनं पोत्याने आणायचे, दर आठवड्याला दहा-बारा किलो गिरणीत टाकायचे. ताजं पीठ हवं हा माझा हट्ट, कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, मग भाकरी पण थापली जात नाही आणि नानकटाई हातात घेतली की भुगा. रेडीमेड पाकिटातलं पीठ कधीचं दळलेलं असतं देव जाणे. म्हणजे चवीसाठी जी गोष्ट मी सगळ्यात अभिमानाने करत होते तिथेच गडबड असण्याची शक्यता.

दुसऱ्या दिवशी चार सॅम्पल लॅबला दिली. चालू नानकटाई, चालू ब्रेड, नाचणीचा ब्राउनी, आणि त्या आठवड्याचं ज्वारीचं नुसतं पीठ. एका सॅम्पलला चार हजारांच्या आसपास जातात, म्हणजे सोळा हजार एका दमात, छोट्या बेकरीला ही रक्कम लागते. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. ब्राउनी स्वच्छ, ५ च्या खाली. ब्रेड ५७. नानकटाई १०८. आणि पीठ २४०.

२४० बघून मी खालीच बसले. मावशी म्हणाल्या चहा टाकू का.

ब्राउनी स्वच्छ कारण नाचणीचं पीठ पाकिटातलं यायचं, त्याचा गिरणीशी संबंध नव्हता. नानकटाईत पीठ साधारण ४५ टक्के, बाकी तूप-साखर, म्हणून २४० चे १०८ झाले. ब्रेडमध्ये ज्वारी अजून कमी, बाकी तांदूळ आणि टॅपिओका, म्हणून ५७. सगळे आकडे एकाच ठिकाणी बोट दाखवत होते. २४० पीपीएम म्हणजे किलोमागे अडीच-तीन ग्रॅम कणीक, एक छोटा चमचा. दहा किलोच्या दळणात एक मूठ. गिरणीत आधी कोणाचे गहू दळले असतील तर दगडांच्या फटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीत एवढी मूठभर कणीक आरामात उरते, ती पुढच्याच्या डब्यात जाते, आणि आपल्याला सगळ्यांना हे लहानपणापासून माहीत असतं, फक्त आपण त्याला ग्लूटेन म्हणत नाही.

त्या मुलाचा हिशोब केला. दिवसाला तीन नानकटाया, एक २५ ग्रॅमची, म्हणजे ७५ ग्रॅम, त्यातून ८ मिलिग्रॅम. ब्रेडच्या दोन स्लाइस ६० ग्रॅम, त्यातून साडेतीन मिलिग्रॅम. झाले साडेअकरा. सिलिॲकवाल्यांनी दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं साधारण धरतात, २० पीपीएमचा नियम पण त्याच अंदाजावर टेकलेला आहे, म्हणजे दिवसभरात अर्धा किलो ग्लूटेन फ्री पदार्थ खाल्ले तरी १० च्या वर जाऊ नये. इथे अर्धा किलो सोडाच, दीडशे ग्रॅमच्या आतच मुलगा पुढे निघून गेला होता. अर्थात हे त्या एका वाईट दळणाचं गणित. दर आठवड्याचं दळण सारखं नव्हतं हे नंतर कळलं, पण त्या रात्री मला एवढंच दिसत होतं.

मग पहिला रिपोर्ट स्वच्छ कसा आला? हा प्रश्न मला जास्त छळत होता, कारण मी लॅबवर पण शंका घेतली होती क्षणभर. आणि याचं उत्तर मिळालं शेजारच्या आजींकडून. त्या नानकटाई न्यायला आल्या, मी दुकान बंद का आहे ते सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं मग ज्वारीवर ज्वारी दळा म्हणायचं ना. आम्ही उपासाचं दळताना विचारतोच की, आधी कशावर दळलंय. गव्हावर दळलं तर उपास मोडतो."

मी व्हॉट्सॲप उघडलं आणि गिरणीवाल्या काकांचे जुने मेसेज वर सरकवत गेले. पहिल्या रिपोर्टचं सॅम्पल जुलै २०२४ मधलं. १६ जुलैला काकांचा मेसेज होता, "ताई आज उपासाचं चालू आहे, तुमचं संध्याकाळी घेतो". १७ जुलै २०२४ ला आषाढी एकादशी. म्हणजे आदल्या दिवशी सकाळी काकांनी गिरणी खोलून झाडून-पुसून घेतली असणार, दिवसभर वरई, राजगिरा, शिंगाडा दळला, गव्हाचा दाणा आत गेला नाही, आणि संध्याकाळी त्याच्यावर माझी ज्वारी. वर्षातल्या सगळ्यात स्वच्छ दिवसाचं पीठ मी लॅबला पाठवलं, आणि त्या एका कागदावर सात महिने विकत राहिले. विठोबाची कृपा म्हणा की अजून काय, पण त्याने माझं नुकसानच झालं, कारण तेव्हाच रिपोर्ट वाईट आला असता तर तेव्हाच थांबले असते.

काकांवर मी रागावले नाही, आणि कोणी त्यांना नावं ठेवली तर मला पटत नाही. त्यांनी "गहू नको" याचा अर्थ जो कोणीही लावेल तो लावला, की माझ्या ज्वारीत गहू मिसळायचा नाही. त्यांनी मिसळला नाहीच. मला काय हवंय हे मीच नीट सांगितलं नव्हतं, कारण मलाच पाव ग्रॅमचं गणित माहीत नव्हतं.

पुढचा भाग सगळ्यात अवघड. सांगायचं की नाही. घरी दोन दिवस यावरून वाद. नवऱ्याचं म्हणणं, पीठ बदल, पुढचा रिपोर्ट चांगला घे, कशाला स्वतःहून दवंडी पिटतेस, अकरा लोकांना फोन करून सांग आणि विषय संपव. व्यवहाराने बघितलं तर चूक नव्हतं ते. पण माझ्या यादीत कोणाला नक्की सिलिॲक आहे हे मला तरी कुठे पूर्ण माहीत होतं, कोणी ऑर्डर देताना आजार लिहून देत नाही. शेवटी साठही जणांना मेसेज केला. आकडे टाकले, ५७, १०८, २४०. लिहिलं की आत्तापर्यंत ज्वारीचे पदार्थ मी ग्लूटेन फ्री म्हणून विकले ते तसे नव्हते, घरात सिलिॲक असेल तर उरलेलं देऊ नका, पैसे परत करते, डॉक्टरांना हा मेसेज दाखवा. तीन वेळा लिहून खोडला. मसुद्यात "किंचित" हा शब्द होता, तो शेवटी काढला.

उत्तरं आली ती वाचण्यासारखी होती. जिमवाले म्हणाले, एवढंसं गेलं तर काय होतं, आमची ऑर्डर चालू ठेवा. एकाने तर सुचवलं की ज्वारी सोडा आणि खपली गव्हाचं करा, त्यात ग्लूटेन नसतं. हे खपलीचं मी दर महिन्याला ऐकते. खपली हा गहूच आहे, जुना असला, पचायला हलका वाटत असला तरी ग्लूटेन आहेच, सिलिॲकवाल्याने तोंडात पण घालायचा नाही. तसंच सातूचं पीठ, तसंच मेतकूट, तसंच थालीपिठाची भाजणी, यात पुष्कळदा गहू किंवा जव असतो आणि लोक "धान्याचं आहे, पौष्टिक आहे" म्हणून आजारी मुलाला प्रेमाने देतात. असो. सिलिॲकच्या अकरा घरांपैकी चार कायमची गेली. एक बाई फोनवर खूप ओरडल्या, त्यांच्या मुलीचं हिमोग्लोबिन सहा महिने वर येत नव्हतं आणि त्या डॉक्टर बदलत होत्या. मी ऐकून घेतलं, त्यावर काय बोलणार.

हडपसरची आई मात्र फोन करून म्हणाली की ताई आम्हालाही घरात एक सापडलं. हिंग. बांधणीचा हिंग म्हणजे शुद्ध हिंग नसतोच, तो कडक असतो म्हणून डिंक आणि पीठ घालून बांधतात, आणि ते पीठ पुष्कळदा मैदा असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घेऊन वाचावं लागतं. रोजच्या आमटीत, भाजीत, ताकात चिमूट चिमूट. दीड वर्ष सगळं पथ्य काटेकोर आणि फोडणीत मैदा. आता त्या मुलाचा आकडा माझ्यामुळे चढला की हिंगामुळे की दोन्हीमुळे, हे कोणीच सांगू शकत नाही. मला थोडं हलकं वाटलं हे कबूल करते, आणि हलकं वाटल्याची लाज पण वाटली. माझ्या पिठात २४० होते ते हिंगामुळे कमी होत नाहीत.

मग दुरुस्ती. पहिला प्रयत्न गिरणीतच केला, कारण नवीन मशीन घ्यायला पैसे नव्हते. काका चांगले, म्हणाले सकाळी पहिलं दळण तुमचं, आधी तुमचीच दोन किलो ज्वारी टाकून काढून टाकू, ती विकू नका. करून बघितलं. यावेळी लॅबऐवजी टेस्ट स्ट्रिपचा डबा मागवला होता, गरोदर आहे का तपासायची पट्टी असते ना तशी, नमुना द्रावणात हलवून पट्टी बुडवायची, दोन रेघा आल्या तर ग्लूटेन आहे. दोन रेघा आल्या. पाच किलो टाकून बघितली, दुसरी रेघ फिकट झाली पण आलीच. मग मी एक दिवस तिथे उभी राहून बघितलं आणि कळलं की हे होणारच नाही. शेजारच्या दुसऱ्या गिरणीवर गहू चालू, खोलीभर कणकेचं धुकं, जाळ्यांवर, पंख्यावर, काकांच्या भुवयांवर पांढरं. हवेतूनच पडतंय तर दगड धुऊन काय उपयोग.

शेवटी घरघंटी घेतली. बावीस हजार. नवीनच घेतली, जुनी अर्ध्या किमतीत मिळत होती पण जुन्यात कोणाचे किती वर्षांचे गहू गेलेत ते कोण सांगणार. ती आली त्या दिवशी वाटलं संपलं एकदाचं. पहिलं दळण केलं, पट्टी बुडवली, परत दुसरी रेघ! फिकट, पण होती.

यावेळी आजींना विचारायलाच गेले नाही, पोतं उघडून ताटात ज्वारी पसरली. गव्हाचे दाणे. फार नाही, पण होते. ज्वारी आणि गहू दोन्ही रब्बीचे, आसपासच्या रानात, मळणी यंत्र तेच, पोती तीच, दुकानात माप तेच, त्यामुळे चार दाणे इकडचे तिकडे होणारच, भाकरी खाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात चारेक मिलिग्रॅम ग्लूटेन. म्हणजे एक किलो ज्वारीत पाच दाणे गहू निघाले की २० पीपीएम पूर्ण. पाच दाणे! हे गणित मी मावशींना करून दाखवलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे निवडायचंच ना, त्यात काय एवढं. आणि खरंच त्यात काही नव्हतं. आपल्या आया-आज्या रोज जे करायच्या तेच. ज्वारी गोल मोत्यासारखी, गहू लांबट, तपकिरी, नजरेला लगेच सापडतो. आता बारा किलोला दोघी मिळून तीन तास बसतो, सुपात पाखडून मग ताटात, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, दोनदा. मी ऑप्टिकल सॉर्टरच्या, म्हणजे कॅमेऱ्याने दाणे निवडणाऱ्या मशीनच्या, किमती बघून आले होते, त्या बघून परत सुपाकडे आले.

बेसनाचं पण तेच केलं. नानकटाईत थोडं बेसन जातं, ते मी पाकिटाचं वापरायचे, ते बंद करून हरभरा डाळ आणून निवडून घरघंटीत. आधी डाळ, मग ज्वारी, म्हणजे बेसनाचा अंश ज्वारीत आला तरी चालतो.

खोलीची पण झडती घेतली पट्ट्यांनी. ओटा स्वच्छ, मिक्सरचं भांडं स्वच्छ, ओव्हनचा पंखा स्वच्छ. चाळणी सापडली. ती मी सुरुवातीला घरून आणलेली, लग्नातली, दहा वर्षं तिच्यातून कणीक चाळलेली, कितीही घासली तरी जाळीच्या कडेच्या पट्टीत अडकलेलं निघत नाही. लाकडी लाटणं पण घरचं, ते न तपासताच काढलं. आणि कोपऱ्यातलं स्टूल, जिथे मावशी डबा खायच्या. पोळी-भाजीचा डबा. हे सांगताना मावशी दुखावल्या, आठवडाभर नीट बोलल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं मी त्यांच्या पोळीला घाणेरडं म्हणतेय. माझी सांगायची पद्धत चुकली होती. त्यांना त्या मुलाच्या आईशी फोनवर बोलायला लावलं तेव्हा निवळलं. आता डबा बाहेर ओट्यावर खायचा, हात धुऊन ॲप्रन बदलून आत, मी पण तसंच. बऱ्याचदा त्या भाकरीच आणतात, पण नियम भाकरीलाही तोच, कारण ती घरी कशावर दळलीय ते आम्हाला माहीत नाही.

सगळं करून पीठ, नानकटाई, ब्रेड परत लॅबला पाठवले. पीठ ८, बाकी दोन्ही ५ च्या खाली. वाट बघून पंधरा दिवसांनी परत एक पीठ पाठवलं, मुद्दाम पोत्याच्या तळातलं, कारण जड-हलके दाणे, माती सगळं खाली बसतं. ते ११ आलं. चालतं, पण ८ आणि ११ मधला फरक बघून हे कळतं की एक रिपोर्ट म्हणजे त्या एका दळणाचा रिपोर्ट, पुढच्याचा नाही. आता प्रत्येक दळणाला पट्टी, पट्टी वहीत चिकटवायची, तारीख, कुठलं पोतं, आधी काय दळलं ते लिहायचं. दर तीन महिन्यांनी लॅब. नमुना मावशी निवडतात, मी नाही, नाहीतर माझा हात आपोआप चांगल्या पिठाकडे जातो.

चाळीस दिवस ज्वारीचं सगळं बंद होतं, फक्त ब्राउनी आणि तांदळाचा केक चालू. लॅबला सगळे मिळून आठ सॅम्पलचे बत्तीस हजार गेले, घरघंटीचे बावीस, पट्ट्यांचे वेगळे, परत केलेले पैसे वेगळे. पाव किलो नानकटाई १८० ला होती ती २३० केली. जिमवाल्यांतले बरेच गळले, २३० ला त्यांना दुसरं काही मिळतं, बरोबरच आहे त्यांचं. त्या चाळीस दिवसांत मला एकाने सल्ला दिला होता की लो ग्लूटेन लिही, २० ते १०० पीपीएमला तो शब्द नियमात आहे. आहे खरा, पण १०८ त्यातही बसत नव्हते, आणि सिलिॲकच्या आईला लो ग्लूटेन म्हणजे काय करायचंय.

एक गंमत झाली, घरघंटीचं पीठ गिरणीपेक्षा रवाळ पडायला लागलं. नानकटाई ओव्हनमध्ये तडकायची छान, पण खाताना दाताखाली कचकच. जाळी बारीक टाकली तर पीठ गरम निघायचं आणि तूप घालताना तेच वितळून पीठ सैल. शेवटी दळण आदल्या संध्याकाळी, थाळ्यात पसरून रात्रभर गार, सकाळी मळणं, असं बसवलं. ब्रेडला तर रवाळपणा चाललाच नाही, त्याच्यासाठी ज्वारीच्या पिठाची उकड काढते, उकळत्या पाण्यात पीठ घालून वाफ, भाकरीला काढतो तशीच, मग त्यात बाकीची पिठं, यीस्ट आणि इसबगोल. ग्लूटेन नसलं की पिठाला धरून ठेवायला काहीतरी लागतंच, उकडीने ते काम अर्धं होतं, इसबगोल कमी लागतो आणि ब्रेड दुसऱ्या दिवशी पण कापता येतो. आधीपेक्षा ब्रेड चांगला झालाय असं लोक म्हणतात, मलाही वाटतं.

जुलैच्या शेवटी हडपसरहून मेसेज आला, टीटीजी उतरलाय, अजून नॉर्मल नाही पण उतरलाय. हिंग बदलला होता, माझं पाच महिने पूर्ण बंद होतं, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे कशामुळे उतरला ते विचारू नका. ऑगस्टमध्ये तिने परत पाव किलो मागवली, आधी वहीतल्या पट्टीचा फोटो मागितला, मी पाठवला, आणि आता दर ऑर्डरला सगळ्यांनाच पाठवते.

नाचणीचं अजून बसलेलं नाही. पाकिटवाल्यांनी मध्ये पुरवठादार बदलला आणि नव्या पिठावर पट्टीला फिकट रेघ यायला लागली, म्हणून ब्राउनी सध्या बंद आहे. अख्खी नाचणी आणून निवडून बघितली, पण मोहरीएवढ्या दाण्यात गव्हाचे तुकडे दिसत नाहीत, चाळून अख्खे निघतात, तुटलेले राहतात. मावशींच्या गावाकडे एक शेतकरी फक्त नाचणी-वरई करतो आणि काठीने झोडपूनच मळणी करतो म्हणे, त्याच्याकडचं वीस किलोचं पोतं या महिन्यात यायचंय.